टारझन आणि मी

१९६८ साली मी दहा वर्षांचा होतो. त्या वयात माणसाला फारशी मते नसतात. माझे एक मत मात्र अगदी पक्के होते. टारझनपेक्षा शूर माणूस जगात नाही आणि टारझनच्या चित्रपटांपेक्षा चांगले चित्रपटही नाहीत! या मतासाठी मी मित्रांशी भांडत असे. एकदा तर सदऱ्याची बाही फाटेपर्यंत मारामारी झाली. आज माझे ते मत राहिलेले नाही. ते एकदा नव्हे, दोन-तीनदा बदलले. ते कसे बदलले, हे तुम्हांला सांगावेसे वाटते.

आम्ही मुंबईत गोदीजवळच्या वस्तीत राहत होतो. अब्बा गोदीत हमाली करत. बोटीतून उतरलेली पोती पाठीवर घ्यायची आणि गोदामात नेऊन रचायची, हे त्यांचे काम. रविवारी त्यांना सुट्टी असे. आमच्या घरापासून पंधरा मिनिटांच्या वाटेवर एक जुने चित्रपटगृह होते. तेथे रविवारी सकाळी जुने इंग्रजी चित्रपट स्वस्तात दाखवत. पंख्यांचा खडखडाट, मोडक्या खुर्च्या आणि पडद्यावर पडलेला एक लांबलचक डाग, असा सगळा थाट होता. तो डाग टारझनच्या जंगलातही दिसे आणि न्यूयॉर्क शहरातही दिसे. आम्हांला त्याचे काही वाटत नसे.

टारझनची गोष्ट तुमच्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. आफ्रिकेच्या किनाऱ्यावर एक इंग्रज जोडपे अडकते. पुढे ते दोघेही मरण पावतात आणि त्यांच्या तान्ह्या मुलाला वानरांची एक मादी वाढवते. तो मुलगा म्हणजे टारझन. एडगर राइस बरोज या अमेरिकन लेखकाने ही कथा १९१२ साली एका मासिकात लिहिली आणि १९१४ साली तिचे पुस्तक निघाले. तिच्यावर मूकपटही झाले. पण आमचा टारझन म्हणजे जॉनी वाइसम्युलर. १९३२ ते १९४८ या काळात त्याने टारझनचे बारा चित्रपट केले. म्हणजे मी पाहिले तेव्हा ते सगळे चित्रपट वयाने माझ्यापेक्षा मोठे होते!

वाइसम्युलर मुळात नट नव्हताच. तो पोहणारा होता आणि पोहणाराही साधासुधा नव्हता. १९२२ साली शंभर मीटर अंतर एका मिनिटाच्या आत पोहणारा तो जगातील पहिला माणूस ठरला. १९२४ आणि १९२८ या दोन ऑलिंपिक स्पर्धांत मिळून त्याने पोहण्याची पाच सुवर्णपदके मिळवली. चित्रपटात तो नदीत सूर मारी तेव्हा पाणी जणू बाजूला सरून त्याला वाट देई. ते दृश्य आले की पुढच्या रांगांतील आम्ही पोरे बसल्या जागी हात मारू लागत असू. मी पोहायला शिकलो तो टारझनमुळे. त्यापायी अम्मीचा मारही खाल्ला, पण शिकलो.

आणखी एका कारणाने तो आम्हांला आवडे. आम्हांला इंग्रजी येत नव्हते. पण टारझनला तरी कुठे येत होते? तो एकेक शब्द बोले. स्वतःच्या छातीवर हात ठेवून ‘टारझन’ म्हणे आणि बोट दाखवून ‘जेन’ म्हणे. झाले संभाषण! शाळेत मराठीच्या तासाला मी उभा राहिलो की ‘तो’, ‘ती’, ‘ते’ यांत माझी गाडी अडकायची आणि वर्ग हसायचा. टारझनला मात्र कोणी हसत नव्हते. दोन शब्दांत काम भागवणारा नायक मला फार जवळचा वाटे. पुढे मूळ पुस्तक वाचले तेव्हा मोठी गंमत कळली. पुस्तकातला टारझन असा नाहीच. आईबापांच्या झोपडीत सापडलेल्या पुस्तकांवरून तो आपला आपणच इंग्रजी वाचायला शिकतो आणि बोलायला पहिल्यांदा शिकतो ती फ्रेंच! पुढे तर तो कितीतरी भाषा बोलतो. चित्रपटवाल्यांनी या हुशार माणसाला मुका करून टाकले होते आणि आम्ही त्यावरच खूश होतो.

चित्रपट पाहून आलो की चाळीच्या जिन्यात आमचा खेळ सुरू होई. टारझन व्हायला सगळेच तयार असत. त्यावरून भांडणे होत. शिकारी साहेब व्हायलाही मुले मिळत. मग उरत ती लहान मुले. त्यांना आम्ही हमाल करत असू. माझ्या मित्राचा धाकटा भाऊ सहा-सात वर्षांचा होता. तो नेहमीच हमाल. आमची सगळ्यांची दप्तरे त्याच्या डोक्यावर आणि पाठीवर चढवायची, त्याने ती घेऊन जिना चढायचा आणि ठरलेल्या पायरीवर आल्यावर किंचाळून खाली पडायचे. तो बिचारा इमानाने पडे. एकदा त्याचा गुडघा फुटला, तरी दुसऱ्या दिवशी तो पुन्हा पडायला हजर!

हे पडणे आम्ही चित्रपटातूनच घेतले होते. १९३२ सालच्या पहिल्या चित्रपटात हस्तिदंताच्या शोधात निघालेली गोऱ्या लोकांची एक तुकडी आहे. हत्ती मरायला जेथे जातात अशी एक जागा आहे, तेथे हस्तिदंताचे ढीग पडलेले आहेत, असे त्यांना समजलेले असते. वाटेत एक उभा कडा लागतो. कड्याच्या अंगाने एक अरुंद पाऊलवाट जाते. आफ्रिकेतील हमाल डोक्यावर ओझी घेऊन त्या वाटेने चाललेले असतात. एकाचा पाय निसटतो, तो किंचाळत दरीत पडतो आणि दिसेनासा होतो. तुकडी पुढे चालू लागते. चित्रपटही तेथे फार वेळ थांबत नाही.

तो चित्रपट दाखवायला मला अब्बाच घेऊन गेले होते. घरी परतताना मी सारख्या आरोळ्या ठोकत होतो. अब्बा बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी विचारले, “तो पडला त्याचं नाव काय होतं रे?”

“कोण पडला?” मी खरोखरच विसरलो होतो.

“हमाल. कड्यावरून पडला तो.”

मला हसू आले. मी म्हणालो, “अब्बा, त्याला कुठे नाव असतं? तो नुसता हमाल होता!”

अब्बा काही बोलले नाहीत. रस्ता ओलांडायचा होता. त्यांनी माझा हात धरला. त्यांच्या तळहाताला पोत्यांनी पडलेले घट्टे होते. ते मला आजही आठवतात. ‘नुसता हमाल’ हे शब्द मी कोणापुढे उच्चारले, हे मात्र मला त्या दिवशी कळले नाही. ते कळायला बरीच वर्षे जावी लागली.

मधल्या काळात मत थोडेसे हलले ते वेगळ्याच कारणाने. मी चौदा-पंधरा वर्षांचा झालो आणि चित्रपट कसे तयार होतात हे इकडून तिकडून कळू लागले. टारझनचे ते घनदाट जंगल बहुतेक अमेरिकेतच उभे केलेले होते. पाण्याखालची काही सुंदर दृश्ये फ्लॉरिडातील एका निर्मळ झऱ्यात घेतलेली होती. मगरीशी होणारी झुंज एकदाच चित्रित करून पुढच्या चित्रपटांतही वापरली होती आणि ती मगर यंत्राची होती. वेलींवरून झोके घेणारा पुष्कळदा वाइसम्युलर नसे, सर्कशीतला कसरतपटू असे. हे ऐकून मला दोन दिवस वाईट वाटले. पण ते वाईट वाटणे टिकले नाही. खोटी मगर असली म्हणून काय झाले? भीती तर खरी वाटली होती!

खरा धक्का बसला तो मी कॉलेजात असताना. तेव्हा ‘टारझन गोज टू इंडिया’ हा चित्रपट पाहिला. तो १९६२ सालचा. त्यात टारझन झाला होता जॉक महोनी. चित्रीकरण भारतात झाले होते आणि आपले फिरोज खान व सिमी हेही त्यात होते. धरण बांधून होते आहे, खोरे पाण्याखाली जाणार आहे आणि तेथे शेकडो हत्ती आहेत. त्यांना वाचवायला टारझन येतो, अशी ती कथा. मी मोठ्या हौसेने गेलो आणि अर्ध्यातच अस्वस्थ झालो. पडद्यावर माझा देश होता. पण कसला? महाराजा, राजकन्या, हत्ती आणि जंगल! आमची चाळ त्यात नव्हती, गोदी नव्हती, लोकलगाडी नव्हती. आणि आमचे हत्ती वाचवायला माणूस यायचा तो बाहेरून! मी शेजारी बसलेल्या मित्राला म्हटले, “अरे, आपला देश असा आहे का?” तो म्हणाला, “मग टारझनच्या आफ्रिकेतला माणूस काय म्हणत असेल?”

त्याने सहज म्हटले असेल. माझ्या मनात मात्र ते रुतून बसले. मी आठवू लागलो. बारा चित्रपट मी किती वेळा पाहिले होते! आफ्रिकेतील किती माणसे मला आठवत होती? हमाल आठवत होते. भाले घेऊन ओरडत येणारे लोक आठवत होते. ढोल आठवत होते. पण घरी जेवणारा, मुलाला रागावणारा, थट्टा करणारा आफ्रिकी माणूस एकही आठवेना. चिता ही चिंपांझी मला चांगली आठवत होती. तिचे रुसणे, हसणे, टोपी घालणे, सगळे आठवत होते. चित्रपटाने एका माकडाला स्वभाव दिला होता. त्या माणसांना दिला नव्हता.

मग मी वाचू लागलो. जितके वाचले तितका राग वाढला. पहिल्या चित्रपटात एक ठेंगण्या लोकांची टोळी दाखवली आहे. ती माणसे आफ्रिकेची नव्हतीच. ठेंगण्या गोऱ्या माणसांना काळा रंग फासून उभे केले होते. आफ्रिकेची जी खरी दृश्ये दिसत, त्यांतील पुष्कळशी ‘ट्रेडर हॉर्न’ या १९३१ सालच्या दुसऱ्याच चित्रपटासाठी घेतलेली होती. उरलेली फीत येथे जोडली. मूळ लेखक बरोज आफ्रिकेत कधी गेलेलाच नव्हता. त्याने मासिकातील कथेत आफ्रिकेच्या जंगलात चक्क वाघ सोडले होते! आफ्रिकेत वाघ नसतात, हे लक्षात आल्यावर पुस्तकात वाघाची सिंहीण झाली. वाघाबद्दलची चूक सुधारली. माणसांबद्दल पुस्तकात जे लिहिले आहे, ते वाचून आजही मान खाली जाते. ते मात्र तसेच राहिले.

येथे एक गोष्ट सांगायला हवी. १९३२ साली आफ्रिकेचा बहुतेक भाग युरोपातील देशांच्या ताब्यात होता. त्या काळी गोऱ्या प्रेक्षकांना असे चित्र पाहणे सोयीचे होते. पण मी ते चित्रपट पाहिले १९६८ साली! १९६० या एकाच वर्षात आफ्रिकेतील सतरा देश स्वतंत्र झाले होते. तेथे पंतप्रधान होते, वकील होते, शाळा होत्या. आमच्या वर्गातल्या नकाशावर त्या देशांची नावे होती. नकाशातली आफ्रिका आणि पडद्यावरची आफ्रिका एकच आहे, हे मला कधी सुचलेही नाही. ही चूक अमेरिकेतल्या चित्रपटवाल्यांची नव्हे, माझी.

आणि दोष केवळ परक्यांना देऊनही भागणार नाही. आपल्याकडेही टारझनच्या नकला निघाल्या. होमी वाडियांनी १९३०च्या दशकात ‘तूफानी टारझन’ काढला आणि १९५८ साली ‘झिम्बो’. शिवाय डोक्याला पिसे बांधलेले, तोंडाला काळे फासलेले आणि अर्थ नसलेली गाणी म्हणत नाचणारे ‘जंगली’ लोक आपल्या हिंदी चित्रपटांत किती वर्षे नाचत होते! आपल्याच देशातील आदिवासी हे पाहताना काय म्हणत असतील? आम्ही तर टाळ्या पिटत होतो.

रागाच्या भरात मी टारझनशी कायमची कट्टी केली. १९९० च्या सुमारास माझ्या मुलाने टारझनचे चित्र असलेले दप्तर मागितले. मी घेऊन दिले नाही. त्याला कारणही नीट सांगितले नाही, नुसता रागावलो. तो सात वर्षांचा होता. तो रडला आणि बिनचित्राचे दप्तर घेऊन शाळेत गेला. आज मला वाटते, मी तेथे चुकलो. मला जे समजायला वीस वर्षे लागली, ते त्याने एका मिनिटात समजून घ्यावे, ही माझी अपेक्षा होती.

आता माझा नातू दहा वर्षांचा आहे. त्याने टारझन पाहिला तो कार्टूनचा, १९९९ साली आलेला. झाडांच्या फांद्यांवरून घसरत जाणारा तो टारझन मलाही पाहायला आवडला. पण त्या चित्रपटात मी एक गोष्ट शोधत राहिलो. आफ्रिकेच्या जंगलात घडणाऱ्या त्या सबंध चित्रपटात आफ्रिकेतला एकही माणूस नाही! जुन्या चित्रपटात ती माणसे वाईट रीतीने दाखवली होती. नव्यात ती पुसूनच टाकली. चूक सुधारण्याची ही तऱ्हा मला पटत नाही. २०१६ साली आणखी एक टारझन आला. त्यात काँगो देश आहे आणि बेल्जियमच्या राजाने तेथे चालवलेला जुलूमही आहे. तो जुलूम इतिहासात खरोखर घडलेला आहे. प्रयत्न चांगला होता. तरी काँगोच्या लोकांना सोडवायला शेवटी टारझनच लागला.

नातवाच्या हट्टासाठी मी जुने चित्रपट पुन्हा पाहिले. बहुतेक चाळीस-पन्नास वर्षांनंतर. मला वाटले होते, आता केवळ चीड येईल. तसे झाले नाही. वाइसम्युलर पाण्यात उतरला आणि माझे हात आपोआप हलले. ‘टारझन्स न्यूयॉर्क ॲडव्हेंचर’ हा १९४२ सालचा चित्रपट तर मला लहानपणापेक्षा जास्त आवडला. त्यात टारझन कोट घालून न्यूयॉर्कला जातो, न्यायालयात उभा राहतो आणि शेवटी ब्रुकलिनच्या पुलावरून नदीत उडी मारतो. शहरातली धावपळ पाहून त्याला जे नवल वाटते, ते पाहताना हसूही येते आणि थोडे ओशाळल्यासारखेही होते. येथे विचित्र दिसतात ती शहरातली माणसे. हे मला दहाव्या वर्षी कळले नव्हते. तेव्हा मी फक्त उडीची वाट पाहत होतो.

माझे एक शिक्षकमित्र म्हणतात, असले चित्रपट मुलांना दाखवूच नयेत. दुसरे म्हणतात, अहो, करमणूक आहे, तुम्ही उगाच फाटे फोडता. मला दोघांचेही पटत नाही. न दाखवले, तर आम्ही कशावर टाळ्या पिटत होतो हे मुलांना कळणार कसे? आणि करमणूकच म्हणाल, तर आमच्या जिन्यातला खेळही करमणूकच होता. पण त्या खेळात गुडघा एकाच मुलाचा फुटत होता. मी नातवाबरोबर बसतो. कड्याचे दृश्य येते. मी चित्रपट थांबवत नाही आणि भाषणही देत नाही. पडून गेल्यावर फक्त विचारतो, “त्याचं नाव काय होतं?” परवा नातवाने ते दृश्य तीनदा मागे नेऊन पाहिले, कान देऊन ऐकले. मीही ऐकले. नाव आम्हांला कुठे ऐकू आले नाही.

अब्बा १९८९ साली गेले. तो प्रश्न त्यांनी मला पुन्हा कधी विचारला नाही आणि मीही तो विषय काढला नाही. तुम्हांला वाटेल, त्या दिवसानंतर त्यांनी टारझन पाहणे सोडले असेल. छे! पुढच्याच महिन्यात ते मला दुसरा टारझन दाखवायला घेऊन गेले. चिताच्या खोड्यांना ते माझ्यापेक्षा मोठ्याने हसत. त्या दिवशी पडद्यावर हत्तींचा कळप आला आणि ते माझ्या कानाशी वाकून म्हणाले, “हे हत्ती आपले आहेत.”

मी म्हटले, “अब्बा, हे आफ्रिकेतले आहेत. कान बघा केवढे!”

“कान सोड. पाठ बघ. राणीच्या बागेतल्या हत्तीची पाठ आठव.”

मला लाज वाटली. मागच्या रांगेतील लोकांनी ऐकले असेल, असे वाटले. मी त्यांना गप्प केले. खूप वर्षांनी एका पुस्तकात वाचले. त्या चित्रपटांतले ते हत्ती आशियाई हत्ती होते, आपल्याकडे असतात तसेच. ते आफ्रिकेचे दिसावेत म्हणून त्यांना मोठाले खोटे कान बांधले होते. आफ्रिकी हत्तीची पाठ मध्ये खोलगट असते. आपल्या हत्तीची वर उचललेली असते. पाठीला खोटे काही बांधता आले नव्हते. अब्बांनी ते अंधारात, पुढच्या रांगेतून, एका नजरेत ओळखले होते.